दहा मिनिटांची चटणी आणि सरव्याच्या शेंगा

मागच्या वेळी आपण जात्याबद्दल बोललो. आज शेंगदाण्याच्या ओल्या चटणीबद्दल बोलू या. हसू नका. ही चटणी करता येत नाही अशी बाई आपल्या शिंदखेडा तालुक्यात शोधून सापडायची नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. घरात भाजी नसली आणि कुणी विचारलं, "आज भाकरसंगे काय शे?" की आपलं उत्तर ठरलेलं असतं.

तरी ज्यांच्या मुली शिकायला बाहेरगावी खोली घेऊन राहतात, त्यांच्यासाठी एकदा सांगून टाकतो. वाटीभर दाणे मंद आचेवर भाजायचे, तळहातावर चोळून फोलपटं पाखडून टाकायची. त्याच तव्यावर चमचाभर तेलात पाच-सहा हिरव्या मिरच्या आणि सात-आठ लसणाच्या पाकळ्या परतायच्या. जिरं आणि मीठ घालून पाट्यावर वाटायचं, पाटा नसला तर मिक्सरमध्ये. वाटता वाटता थोडं थोडं पाणी सोडायचं. भाकरीचा तुकडा बुडवला की चटणी त्याला धरून वर यायला हवी, इतपतच पातळ. कोथिंबीर असली तर घाला, नसली तर अडत नाही. एकादशीला लसूण वगळायचा की हीच चटणी भगरीबरोबर चालते. सगळं मिळून दहा मिनिटं.

आमचं भाषण खरं तर एवढंच होतं. पुढे मिरची कोणती घ्यावी, कळण्याच्या भाकरीबरोबर कशी लागते, असं दोन शब्द बोलून थांबणार होतो. पण तयारीला ओट्यावर बसलो तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींनी अडवलं. म्हणाल्या, "दहा मिनिटं वाटायला लागतात गं. दाणा वाटीत यायला किती लागायचं, ते सांगा की लोकांना." मग दुपारभर त्याच बोलत राहिल्या, आणि आम्ही नंतर जुनी माहिती धुंडाळत बसलो. तेच आज सांगतोय.

हा दाणा मुळात आपला नाही. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा, आजच्या बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाच्या बाजूचा. पेरू देशात सिपान नावाच्या ठिकाणी 1987 साली एका जुन्या राजाची कबर सापडली. त्याच्या गळ्यात सोन्या-चांदीच्या शेंगांचा हार होता. जोंधळी पोत आपल्याला नवी नाही, पण भुईमुगाच्या शेंगांची माळ, तीही सोन्याची, हे ऐकून आमच्यातल्या सगळ्या जणी गप्पच झाल्या. युरोपातल्या दर्यावर्दी लोकांनी हा दाणा अमेरिकेतून उचलला आणि जगभर नेला. आपल्याकडे आला तेव्हा लोकांनी त्याला ओळखीच्या धान्याचं नाव दिलं. जमिनीतला मूग, म्हणून भुईमूग. गुजराती-हिंदीतही मूगच आहे. तमिळ लोक मात्र त्याला मनिला कोट्टै म्हणतात, म्हणजे मनिलाची बी, कारण त्यांच्या लेखी तो फिलिपाईन्सच्या वाटेने आला.

मिरचीही तिकडचीच. दोंडाईच्याच्या बाजारात वाळत घातलेल्या मिरचीचे लालभडक ढीग बघून हे कुणाला खरं वाटणार नाही, पण पोर्तुगीज येण्याआधी आपल्या मुलखात मिरची नव्हती. तेव्हा आपल्या चटणीतले लसूण आणि जिरं जुने, दाणा आणि मिरची समुद्रापलीकडचे. त्याआधी आपल्या बाया चटणी करत नव्हत्या असं नाही. तीळ होता, जवस होतं, कारळे होते. दाण्याने येऊन तिळाची जागा घेतली, आणि तीळ संक्रांतीला उरला. इंडोनेशियातही हीच जोडी आहे. तिथल्या बाया दगडाच्या पसरट खलात शेंगदाणे आणि मिरची रगडतात, गूळ आणि चिंच घालतात, आणि ती पातळ चटणी उकडलेल्या भाज्यांवर ओततात. त्या पदार्थाला गाडो-गाडो म्हणतात. गूळ सोडला तर आपल्याला परकं वाटायचं नाही.

आता खानदेशाकडे येऊ. सरकारी कागदांत पीक सापडतं, चटणी सापडत नाही. 1880 साली इंग्रजांनी खानदेशाचं गॅझेटियर छापलं. तेव्हा धुळे आणि जळगाव वेगळे नव्हते, 1906 साली पश्चिम आणि पूर्व खानदेश असे दोन जिल्हे झाले. त्या जाडजूड पुस्तकात बाजरी, ज्वारी, कापूस, तीळ यांची एकरांत मोजदाद आहे. भुईमुगाला साहेबांच्या लेखी किंमत आली ती तेलामुळे. फ्रान्समध्ये मार्सेय नावाचं बंदर आहे, तिथल्या गिरण्यांना साबणासाठी आणि खाण्यासाठी तेल हवं होतं, आणि मुंबई-पाँडिचेरीहून जहाजांतून शेंग तिकडे जाऊ लागली. सुरतेहून तापीकाठाने आलेली रेल्वे 1900 च्या सुमारास पुरी झाली. आपलं शिंदखेडा स्टेशन आणि दोंडाईचा त्याच लाइनवर. माल गाडीत चढायची सोय झाली.

मध्ये एक वाईट काळ येऊन गेला. 1890 नंतर मुंबई इलाख्यातलं भुईमुगाचं जुनं बियाणं खालावलं, पानांवर टिक्क्यांचा रोग पडला, लागवड घसरली. वर 1899-1900 चा दुष्काळ. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतकी खात्याने बाहेरची बियाणी आणून वाटली. 'स्पॅनिश', 'स्मॉल जपान' अशी त्यांची नावं. पीक सावरलं. पण इथेच एक बदल झाला, तो मावशींच्या बोलण्यातून आम्हाला उमगला.

जुनी जात पसरी. वेल जमिनीवर पसरायचे, जागोजाग आऱ्या मातीत शिरायच्या आणि दूरदूरवर शेंगा धरायच्या. चार-पाच महिन्यांचं पीक. काढताना जमीन खोदावी लागायची, आणि कितीही खोदलं तरी पुष्कळ शेंग मातीत राहायची. नवी 'स्पॅनिश' जात उपटी. झुडूप उभं, शेंगा बुडाशी एका झुपक्यात, शंभर-एक दिवसांत तयार. धरून उपटलं की बहुतेक सगळं हातात. शेतकऱ्याच्या दृष्टीने सोन्यासारखी गोष्ट. पण मातीत राहिलेल्या त्या शेंगांवर आणखी कुणाची तरी चूल चालायची. पीक निघालेल्या रानात मागे राहिलेलं वेचायचं, त्याला सरवा म्हणतात. आमच्यातल्या तरण्या सुनांना हा शब्दच माहीत नव्हता.

मावशींच्या माहेरी, तापीकाठी, त्यांच्या लहानपणी पसरी शेंग होती. रान निघालं की बायका आणि पोरं खुरपी घेऊन उतरायची. उन्हाने ढेकळं कडक व्हायच्या आत वेचायचं. बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या. शेंगा तोडायच्या मजुरीत ठरलेल्या पाट्यांमागे एक पाटी मिळायची, ती घरच्या पुरुषाच्या हिशेबात जायची, दुकानदाराची उधारी फेडायला. सरव्याच्या शेंगा मात्र आईच्या. त्या मडक्यात राहायच्या आणि मडकं आईच्या खाटेखाली. पावसाळ्यात भाजी महाग झाली की ती त्यातल्या ओंजळभर काढायची, आणि चटणी व्हायची. मावशी म्हणाल्या, "आमच्या घरात आईच्या मालकीचं तेवढंच होतं."

एक साल त्यांना अजून विसरता येत नाही. दिवसभर सरवा वेचून मायलेकी निघाल्या, तर बांधावर रानाचा मालक उभा. म्हणाला, सरव्याच्या नावाखाली ढिगातल्या शेंगा उचलल्यात. त्याने सगळ्या बायांना ओटी सोडायला लावली. कमरेला बांधलेला पदर सोडून प्रत्येकीने शेंगा त्याच्या पायाशी ओतल्या. मातीने भरलेल्या, चिमुटल्या शेंगा होत्या. बघणाऱ्याला कळत होतं की त्या ढिगातल्या नाहीत. तरी त्याने त्या पोत्यात भरून घेतल्या. "घरी आल्यावर आई काही बोलली नाही. त्या रात्री नुसतं मीठ-तेल घेऊन भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती दुसऱ्या रानात गेली."

हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली की मालकाचंही नुकसान होत असेल. असेलही. आमचं म्हणणं एवढंच की सरव्याची कुठे पावती नसते, त्यामुळे भांडण झालं की बाईकडे दाखवायला काही नसतं. उपटी जात सगळीकडे झाली तशी मातीत राहणारी शेंग कमी झाली आणि हे भांडणही आपोआप मिटलं. कोण जिंकलं ते तुम्हीच बघा.

आता दाणे निवडण्याविषयी. हे नीट ऐका, कारण हा नुसता इतिहास नाही. शंभर किलो शेंग फोडली तर सत्तरेक किलो दाणे निघतात. त्यातले टपोरे बाजारात जायचे. मोडके, चिमलेले, पावसात सापडून मोड आलेले, कडवट घरात राहायचे. आपल्या आयाबायांनी आयुष्यभर हाच दुय्यम दाणा खाल्ला, आणि त्यातलाही काळपट दाणा पोरांच्या ताटात जाऊ नये म्हणून स्वतःच्या तोंडात टाकला. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की नावाचे कोंबडीसारखे मोठे पक्षी लाखावर मेले. शोध घेतला तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशीचं विष सापडलं. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृतावर जातं, आणि तव्यावर भाजल्याने नाहीसं होत नाही. म्हणून सांगतो, बुरशी आलेला, काळा-हिरवट पडलेला, चिमलेला आणि कडू लागणारा दाणा चटणीत नाही, आमटीत नाही, आपल्या तोंडातही नाही. शेंगा कडक वाळवूनच भरा, ओल लागलेलं पोतं घरात ठेवू नका. दाणा वाया जातो म्हणून जीव तुटतो, ते आम्हाला कळतं. निम्मं तेल आणि पाव हिस्सा प्रथिनं असलेला दाणा टाकवत नाही. तरी टाका.

जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचं नाव यात घ्यायलाच हवं. 1970 नंतरच्या दशकात तिथून 'जेएल 24' नावाचं वाण निघालं, त्यालाच 'फुले प्रगती' म्हणतात. नव्वद-पंचाण्णव दिवसांत येणारं, कमी पावसाच्या मुलखाला सोसणारं. ते साऱ्या देशात पसरलं, आणि देशाबाहेरही गेलं. आफ्रिकेत मलावी देशात हेच वाण 'काकोमा' या नावाने लावतात. तिथल्या बाया दाण्याचं कूट पालेभाजीत घालून मक्याच्या घट्ट पिठल्यासारख्या न्सिमाबरोबर खातात. कुटाला त्या न्सिंजिरो म्हणतात. अमेरिकेतून निघालेला दाणा आपल्याकडे आला आणि जळगावचा होऊन पुन्हा समुद्र ओलांडून गेला. त्याच्या पिशवीवर खानदेशाचं नाव नसेल, पण नावातला 'जेएल' म्हणजे आपलं जळगाव.

आणि आपल्या रानात? कापूस. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, पुढच्या काही वर्षांत आपल्याकडची रानंच्या रानं कापसाची झाली. भुईमूग उरला तो पाण्याची सोय असलेल्या उन्हाळी तुकड्यांत आणि बांधाच्या कडेला. कापसाचा सरवा खाता येत नाही. आज आमच्यातल्या बहुतेक जणी दाणे किराण्यातून किलोने आणतात, सोललेले आणि निवडलेले. निवडणाऱ्या बाया आता दुसऱ्या कुठल्या गावच्या असतात, त्यांच्या बोटांना चिरा पडतात की नाही हे आपल्याला दिसत नाही.

त्या दुपारी शेवटी चटणी केली. मिक्सर होता, तरी मावशींनी पाटा मागितला. वाटून झाल्यावर पाट्यावर वाटीभर पाणी टाकून तो धुतला, वरवंटाही धुतला, आणि ते पाणी चटणीत ओतलं. पातळ झाली, पण कुणी काही बोललं नाही. आमच्यातल्या एकीने यंदा कापसाच्या बांधाला भुईमुगाच्या चार ओळी टाकल्या आहेत. दसऱ्याच्या आसपास निघतील. तिने मावशींना आत्ताच सांगून ठेवलंय की उपटून झाल्यावर सरव्याला त्यांनीच यायचं, आणि वेचलेलं तिथे मोजायचं नाही.