जाब, जबाब आणि मराठवाडा

व्यावहारिक मराठीच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना निवेदन लिहायला शिकवतो. मायना, विषय, मजकूर आणि शेवटी 'आपला नम्र' असा त्याचा साचा ठरलेला आहे. करमाडहून शिकायला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने एकदा या साच्यावरच बोट ठेवले. तिला गावच्या पाण्यासंबंधी आमदारांना निवेदन लिहायचे होते. 'विनंती करते' असे लिहावे की 'मागणी करते' असे, एवढाच तिचा प्रश्न होता. विनंती केली तर देणे-न देणे त्यांच्या मर्जीवर राहते आणि मागणी केली तर ते नाराज होतील, असे घरच्यांचे म्हणणे होते. आम्ही दोन्ही क्रियापदे शुद्ध असल्याचे सांगून वेळ मारून नेली. तिचा प्रश्न मात्र मनात राहिला, कारण तो शुद्धलेखनाचा नव्हता. मराठवाड्यात गेली पाऊणशे-ऐंशी वर्षे लिहित्या माणसांनी सत्तेशी कोणत्या भाषेत बोलावे याविषयी जे काही केले, त्या इतिहासाचा तो प्रश्न होता.

या दोन शब्दांच्या पलीकडे आपल्याकडे तिसरा शब्द आहे. तो म्हणजे 'जाब'. 'जवाब' या अरबी-फारसी शब्दाचेच हे मराठी वळण. जुन्या कागदपत्रांत 'जाबसाल' म्हणजे सवाल-जबाब. 'जबाबदार' हा शब्द त्याच घरचा. ज्याच्याकडे जबाब असतो, तो जबाबदार. म्हणजे जबाबदारी हा कुणाच्या स्वभावाचा गुण नसून दोघांमधला व्यवहार आहे. कुणीतरी जाब विचारल्याखेरीज तो पुरा होत नाही.

करमाड हे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ते जालना या रस्त्यावरचे गाव. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा निजामाचा लोहमार्ग गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर या गावावरून गेला. संस्थानात प्रौढ मताधिकाराने निवडलेला प्रतिनिधी नव्हता, तेव्हा जाब विचारायचा तर कुणाला, हा पहिला पेच होता. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. तिची मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. आज पाठ्यपुस्तकातला हा शब्दप्रयोग आपण न थांबता वाचून जातो. त्या काळी तो उच्चारणे हाच गुन्हा होता.

त्याच वर्षी आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे पत्र सुरू केले. तेही संस्थानात नव्हे, पुण्यात. ते छापायचे ब्रिटिश मुलखात आणि वाचायचे निजामाच्या राज्यात. बंदी आली की पत्र नवे नाव घेऊन निघे. आपल्याच प्रदेशाविषयी लिहिण्यासाठी प्रदेशाबाहेर जावे लागणे आणि नाव बदलत राहावे लागणे, या परिस्थितीत मराठवाड्यातील राजकीय लेखनाचा पिंड घडला. किंमत याहूनही मोठी मोजावी लागली. हैदराबादेतील उर्दू पत्र 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी खून केला. संस्थान मुक्त झाले ते त्यानंतर महिन्याच्या आतच, १७ सप्टेंबर १९४८ रोजी.

१९५२ च्या निवडणुकीने प्रतिनिधी मिळाले. पुढचा पेच अधिक अवघड होता, कारण आता समोर निजाम नव्हता. कालपर्यंत तुरुंगात सोबत असलेले सहकारीच सत्तेत होते. परक्याला जाब विचारायला धैर्य लागते, आपल्या माणसाला विचारायला त्याहून वेगळे काही लागते. अनंत भालेराव यांच्याकडे ते होते. मुक्तिसंग्रामातून आलेल्या या संपादकाने औरंगाबादेत स्थिरावलेल्या 'मराठवाड्या'ची सूत्रे पुढची काही दशके सांभाळली.

या लेखनाची पद्धत पाहण्यासारखी आहे. ती उपदेशाची नव्हती. तिच्या हातात एक कागद होता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत वाटा आणि मागासलेपणामुळे विशेष लक्ष, अशी आश्वासने दिली होती. १९५६ मध्ये घटनेच्या ३७१(२) या कलमाने विकासमंडळांची तरतूद झाली आणि त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा, असेही त्यात आले. वार्षिक अहवाल म्हणजे कायद्यानेच लिहून ठेवलेला जाब होय. मंडळे मात्र स्थापन झाली १९९४ साली, तरतुदीनंतर अडतीस वर्षांनी. दरम्यान वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्यातील अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांवर मोजला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा, म्हणजे साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास होता. 'अनुशेष' हा हिशेबातला शब्द मराठवाड्यातल्या साध्या वाचकाच्या तोंडी रुळला, याचे मोठे श्रेय गोविंदभाई श्रॉफ यांची मराठवाडा जनता विकास परिषद आणि इथली वृत्तपत्रे यांना द्यावे लागेल. तुम्हीच लिहून दिलेले वाचून दाखवतो, त्याचे काय झाले ते सांगा, एवढेच ही माणसे म्हणत होती.

१९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात तरुण रस्त्यावर उतरले; वसमतला गोळीबारात बळी गेले. फेब्रुवारी १९७५ मध्ये मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. चारच महिन्यांत आणीबाणी आली आणि अनंतराव स्थानबद्ध झाले. राज्याच्या सर्वोच्च पदावर मराठवाड्याचा माणूस आणि मराठवाड्याचा संपादक गजाआड, असे ते चित्र होते. 'आपला माणूस' सत्तेवर आला की जाब विचारण्याची गरज संपते, या भाबड्या समजुतीला यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

येथवरचा इतिहास आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. पुढचा सांगताना आमचा आवाज उतरतो, आणि नेमका तोच सांगायला हवा.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला. पाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळली, माणसे मारली गेली. आणि ज्या 'मराठवाड्या'ने लोकप्रतिनिधींना त्यांचा लेखी शब्द पाळायला शिकवले होते, ते या ठरावाच्या विरोधात उभे राहिले. गोविंदभाईही नामांतराच्या विरोधात होते. प्रदेशाची अस्मिता, लोकभावना, विद्यापीठाच्या नावातला मुक्तिसंग्रामाचा वारसा, असे युक्तिवाद झाले. ते सर्वच अप्रामाणिक होते असे आम्ही म्हणणार नाही. पण 'लोकभावना' या शब्दातल्या 'लोकां'त ज्यांची घरे जळली ते लोक होते का, हा प्रश्न त्या युक्तिवादांना पेलला नाही.

आता दुसऱ्या बाजूने पाहावे. नामांतराची चळवळ काय करत होती? तिच्याही हातात एक कागद होता, विधिमंडळाच्या ठरावाचा. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. तुम्हीच मंजूर केलेत, त्याचे काय झाले ते सांगा, असेच ते पायी चालणारे लोक म्हणत होते. पद्धत तीच होती, जी नागपूर कराराबाबत वृत्तपत्रांनी वापरली होती. ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत साडेपंधरा वर्षे गेली. ही वर्षे प्रतिनिधींनी दिलेला शब्द आणि प्रतिनिधींची भीती यांच्यातल्या अंतराची आहेत. ज्यांनी ते अंतर सर्वांआधी दाखवायला हवे होते, त्यांनी ते वाढू दिले.

याच शहरात, मिलिंद महाविद्यालयाच्या वर्तुळात, गंगाधर पानतावणे 'अस्मितादर्श' चालवत होते. नामांतराच्या दहा वर्षे आधीपासून हे नियतकालिक दलित लेखकांना लिहिते करत होते. ते साहित्याचे नियतकालिक म्हणून साहित्याच्या इतिहासात गेले आणि 'मराठवाडा' वृत्तपत्रांच्या इतिहासात. आम्हा प्राध्यापकांनी केलेली ही वाटणी सोयीची असली तरी खरी नाही. माणूस म्हणून मोजले जाण्याचा जाब कवितेतून विचारला म्हणून तो राजकीय लेखनाबाहेर राहत नाही. दोन्ही एकाच अभ्यासक्रमात शेजारी ठेवून वाचली, तर मराठवाड्यातल्या प्रतिनिधित्वाचा इतिहास निदान अर्धवट राहणार नाही.

अनंतरावांचे मोठेपण यामुळे पुसले जात नाही. त्यांनी लेखणीसाठी तुरुंग सोसला, आणि आजच्या सुरक्षित खुर्चीवरून त्यांना गुण देणे आम्हाला शोभणारे नाही. तरी त्यांच्याच कसोटीने त्यांना तपासणे हा त्यांचा अनादर होत नाही. जाब विचारणाराही कुणाला तरी जबाबदार असतो. आपल्या हक्काचा कागद फडकावणे तुलनेने सोपे असते. दुसऱ्याच्या हक्काचा कागद, आपल्याला न रुचणारा, तितक्याच मोठ्याने वाचून दाखवता येतो का, येथे कस लागतो.

आता साधने वाढली आहेत. १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा लागू आहे. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा त्याआधी, २००२ मध्येच केला होता. साध्या कागदावरच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. दुसरीकडे, विकासमंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मिळालेले साधन हातातून निसटूही शकते, एवढे यावरून कळते.

त्या विद्यार्थिनीला आज आम्ही सांगू, की विनंती आणि मागणी या दोन्हींच्या आधी एक वाक्य लिही. काय कबूल केले होते, कुठे आणि कोणत्या तारखेला, ते लिही, आणि त्याचे काय झाले ते विचार. तेवढ्याने निवेदनाचा जाब होतो, नम्रता न सोडता.

तिचे ते निवेदन आम्ही तपासले होते. वेलांट्या सुधारल्या, 'पाणि'चे 'पाणी' केले. त्यात गावठाणातल्या नळाचा उल्लेख होता; गावाबाहेरच्या वस्तीवर पाणी कुठून येते, याचा नव्हता. ते तिला विचारायचे आमच्याही लक्षात आले नाही.