कोयनानगर: धरणासाठी वसलेलं गाव

मागच्या बैठकीत आम्ही घराचा नमुना आठचा उतारा वाचायला बसलो होतो. तेव्हा गटातल्या एक आजी म्हणाल्या, "आम्ही कोयनानगरात इतकी वर्षं राहिलो, पण कागदावर माझं नाव कधी आलंच नाही." त्यांचे मालक धरणावर कामाला होते. म्हणून आज त्या गावाविषयी.

महाबळेश्वरातून निघणारी आपली कोयना कराडला कृष्णेला मिळते. पाटण तालुक्यात हेळवाकजवळ तिला अडवायचं ठरलं आणि १९५० नंतरच्या दशकात काम सुरू झालं. डोंगरदऱ्यांत एवढी माणसं राहणार कुठं? नदीकाठी वसाहत उभी राहिली. साहेबांचे बंगले वेगळे, कामगारांच्या खोल्या वेगळ्या. खोली सरकारची, नोकरी आहे तोवर राहायचं.

धरण १०३ मीटर उंच. मागं शिवसागर भरला, तशी खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली आणि तिथल्या बाया दूरदूरच्या जिल्ह्यांत नव्यानं चूल मांडायला गेल्या. एकीला खोली मिळाली ती दुसरीचं घर बुडणार होतं म्हणून, हे आम्हाला आजवर कुणी असं सांगितलंच नव्हतं. अडवलेलं पाणी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडं पोफळीला नेऊन वीज करतात. ते पुढं वाशिष्ठीत जातं, कराडला परत येत नाही.

मग ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून गेलेले, सगळे झोपेत. साडेसहा रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. दगडी भिंती अंगावर आल्या. कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा तडकली. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली. धरणालाही भेगा पडल्या, पण ते टिकलं. नंतर काँक्रीटचा आधार देऊन मजबूत केलं. साठलेल्या पाण्यामुळंच जमीन हलली, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात.

आजी त्या रात्री लेकराला पदरात गुंडाळून अंगणात आल्या. भांडी, सरपण, पेटी सगळं आत. "खोली सरकारची होती, पण संसार माझा होता की गं," म्हणाल्या. पुढं मालकांची नोकरी संपली आणि किल्ली कार्यालयात जमा झाली.

या आठवड्यात गटातल्या सात जणींनी घरावर आपलं नाव लावायला ग्रामपंचायतीत अर्ज दिलेत. आजींचा अर्ज सर्वांत वर आहे. अंगठा नको म्हणाल्या, सही केली. शिक्का अजून यायचाय.