सात वर्षांचा हिशेब: वारसा कराची गोष्ट



गेल्या हिवाळ्यात पुण्याला गेलो होतो, तेव्हा आईबरोबर जुनं कपाट आवरायला बसलो. तळाशी सुतळीनं बांधलेली एक फाईल निघाली. वर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘इस्टेट ड्यूटी’. आत आजोबांनी स्वतःच्या हातानं केलेली यादी होती. घर, पोस्टातली रक्कम, विम्याचे कागद, आजीचे दागिने, तांब्याचा बंब, आणि कोणाकडून किती येणं आहे तेही. आजोबा १९७९ मध्ये गेले. त्यानंतर बाबांनी भरलेल्या सरकारी फॉर्मच्या प्रतीही त्यातच होत्या.

मी चकित झालो. माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर कर ही इंग्रजांची रीत, आपल्याकडे असलं काही नाही, अशी माझी समजूत होती. तुमच्यापैकी अनेकांचीही असेल. म्हणून आज या कराचा इतिहास सांगतो. तो सल्ला म्हणून ऐकू नका. सल्ल्यासाठी सॉलिसिटर आहेत. पण इतिहास माहीत असला की सॉलिसिटरला नेमकं काय विचारायचं ते कळतं.

सुरुवात इंग्लंडपासून करू. १६९४ साली फ्रान्सशी युद्ध चालू असताना सरकारला पैसा हवा होता, म्हणून मृत्युपत्राच्या प्रोबेटवर मुद्रांक शुल्क लागलं. पुढची दोनशे वर्षं त्यात एकेक कर जोडला जात राहिला. १८९४ मध्ये अर्थमंत्री सर विल्यम हारकोर्ट यांनी त्या गुंत्यातून एक मुख्य कर उभा केला, तो म्हणजे ‘इस्टेट ड्यूटी’. दर १ ते ८ टक्के. तेवढ्यानंही जमीनदार मंडळी हादरली. १९४९ पर्यंत वरचा दर ८० टक्क्यांवर गेला होता.

आता कर मरणानंतर लागणार म्हटल्यावर साधा उपाय कोणालाही सुचेल: जिवंतपणीच देऊन टाका. सरकारलाही हे कळत होतंच. १८८१ मध्ये नियम आला की मृत्यूच्या आधीच्या तीन महिन्यांत दिलेली भेट मालमत्तेतच धरायची. १८८९ मध्ये त्याचे बारा महिने झाले. १९१० मध्ये तीन वर्षं, १९४६ मध्ये पाच आणि १९६८ मध्ये सात. आज आपण इथे ज्याला ‘सेव्हन इयर रूल’ म्हणतो, तो असा वाढत वाढत आला आहे. कुटुंबांनी पळवाट शोधायची आणि सरकारनं कुंपण थोडं पुढे सरकवायचं, असा हा खेळ चालत आला.

या खेळाची किंमत पाहायची तर डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ आठवा. आपल्यातली कितीतरी कुटुंबं सुट्टीत तिथे जाऊन आली असतील. डेव्हनशरच्या दहाव्या ड्यूकनी १९४६ मध्ये इस्टेट मुलाच्या नावे करण्याची व्यवस्था केली. पाच वर्षं काढायची होती. नोव्हेंबर १९५० मध्ये, वय अवघं ५५, ते अचानक गेले. मुदत संपायला काही आठवडेच उरले होते. कर बसला ८० टक्के. तो फेडायला मुलाला हजारो एकर जमीन, मोलाची चित्रं आणि हार्डविक हॉल हा आख्खा वाडा सोडावा लागला. सरकारशी हिशेब मिटवण्यात पुढची कितीतरी वर्षं गेली. योजना चूक नव्हती, फक्त उशिरा सुरू झाली.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतात इस्टेट ड्यूटीचा कायदा १५ ऑक्टोबर १९५३ पासून लागू झाला. तेव्हाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेला आणि पुढे १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारा हा आपला माणूस. कायद्याचा साचा बराचसा इंग्रजी होता. हेतू होता संपत्तीतली विषमता कमी करणं आणि राज्यांना विकासासाठी पैसा मिळवून देणं. भेटीसाठी मुदत मात्र दोनच वर्षांची होती.

एक अडचण इंग्रजी साच्यात बसणारी नव्हती, ती म्हणजे आपलं एकत्र कुटुंब. मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित मालमत्ता एकट्या माणसाची नसतेच. मग तो गेल्यावर कर कशावर लावायचा? कायद्यानं तोडगा काढला: मृत्यूच्या आधी वाटणी झाली असती तर त्याच्या वाट्याला जे आलं असतं, तेवढं त्याचं धरायचं. बाबांच्या फाईलमध्ये असाच एक हिशेब आहे. आजोबांनी हयातीत कधी वाटणीचा शब्द काढला नव्हता. ती वाटणी त्यांच्यामागे कागदावर झाली, कर मोजण्यापुरती.

पुढे भारतात वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत चढला. पण वसुली? १९८५ च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंह यांनी सांगितलं, की वर्षाला जेमतेम २० कोटी रुपये मिळतात आणि त्या मानानं खर्च जास्त होतो. त्या मार्चपासून हा कर गेला. म्हणून आपल्या पिढीला त्याचं नावही माहीत नाही.

इंग्लंडमध्ये मात्र तो रूप बदलून राहिला. १९७५ मध्ये त्याच्या जागी कॅपिटल ट्रान्सफर टॅक्स आला आणि १९८६ मध्ये आजचा इनहेरिटन्स टॅक्स. १९८८ पासून मुख्य दर ४० टक्के आहे. करमुक्त मर्यादा २००९ पासून ३,२५,००० पौंडांवर थांबली आहे. घरांच्या किमती थांबलेल्या नाहीत. ड्यूकसाठी उभारलेलं कुंपण असं हळूहळू हॅरो आणि स्लाउच्या सेमी-डिटॅच्ड घरापाशी येऊन पोहोचलं.

सवलती आहेत, पण त्या माहीत हव्यात. राहतं घर मुला-नातवंडांना गेलं तर आणखी १,७५,००० पौंडांपर्यंत सूट मिळू शकते, मात्र मालमत्ता २० लाख पौंडांच्या पुढे गेली की ती कमी होत जाते. नवरा-बायकोपैकी एकाची न वापरलेली मर्यादा दुसऱ्याला वापरता येते. दर वर्षी ३,००० पौंड भेट देता येतात. हा आकडा १९८१ पासून तोच आहे. नेहमीच्या उत्पन्नातून, स्वतःचं राहणीमान न घटवता नियमित दिलेल्या भेटींना वेगळी सूट आहे, पण त्याची नोंद ठेवावी लागते.

आणि घर मुलांच्या नावे करून आपण त्यातच फुकट राहिलो, तर सात काय, वीस वर्षं गेली तरी कायदा ते घर आपलंच धरतो. एक प्रकारे बरंच आहे. ‘नटसम्राट’ पाहिलेल्या माणसाला जिवंतपणी सगळं देऊन टाकण्यातला धोका सांगायला नको. कर वाचवताना डोक्यावरचं छप्पर गमवायचं नाही, हा पहिला नियम.

आपल्यासाठी एक नवी गोष्ट. एप्रिल २०२५ पासून, मागच्या वीस वर्षांपैकी दहा वर्षं तुम्ही इथले कर-रहिवासी असाल, तर जगभरातली मालमत्ता या कराच्या कक्षेत येऊ शकते. पुण्यातला फ्लॅटही आला आणि सांगलीतली जमीनही. भारत आणि ब्रिटन यांच्यात या कराबाबत १९५६ चा एक करार आहे. भारतानं कर रद्द केला तरी तो करार अजून जिवंत आहे. तो तुमच्या घराला लागू पडतो का, हे जाणकाराला आवर्जून विचारा.

आता माझी कबुली. मी कंपन्यांना ‘डिझास्टर रिकव्हरी’ शिकवतो. सर्व्हर बंद पडला तर काय, याचे कागद माझ्याकडे तयार असतात. पुण्याहून परत आल्यावर बायकोला आजोबांची यादी दाखवली. तिनं शांतपणे विचारलं, “आपली फाईल कुठे आहे?” फाईल नव्हती. मृत्युपत्रही नव्हतं. असलं अभद्र कशाला बोलायचं, म्हणत मी बारा वर्षं टाळलं होतं. आजोबांनी ते अभद्र मानलं नाही, म्हणून बाबांना धावपळ कमी झाली आणि भावंडांत भांडण झालं नाही.

आता यादी झाली आहे. सॉलिसिटरची भेटही झाली. मुलीला कपाटाची किल्ली कुठे आहे तेही सांगितलं.

मंडळी, आज जेवताना घरी एवढंच विचारा: आपली फाईल कुठे आहे? पुन्हा भेटू. नमस्कार.