शहरकोट, दिल्लीचे : खर्च आणि डागडुजी

दिल्लीच्या शहरकोटांचा खर्च सुलतान, बादशहा आणि पुढे कंपनी सरकार यांच्या तिजोरीतून होत आला. त्यामुळे तिजोरी आटली किंवा राज्यकर्त्याचे लक्ष उडाले की तट ढासळे.

आर. के. पुरमच्या आग्नेयेला सुलतान मुहम्मद बिन तुघलकाच्या जहांपनाह या शहराच्या तटाचे अवशेष आहेत. खिडकी गावाजवळचा सातपुला हा बंधारा या तटाचाच भाग. तुघलकाला दिल्लीच्या जुन्या-नव्या वस्त्या एकाच कोटात घ्यायच्या होत्या. काही भाग बांधून झाल्यावर अफाट खर्चामुळे त्याने काम सोडले, असे प्रवासी इब्न बतूता लिहितो.

शाहजहानाबादचा, म्हणजे आजच्या जुन्या दिल्लीचा, पहिला कोट १६५० मध्ये चार महिन्यांत उभा राहिला. दीड लाख रुपये लागले, पण काम मातीचे. पावसाने ते कोसळले. मग दगड-चुन्याचा पक्का तट बांधला गेला. त्याला काही वर्षे आणि सुमारे चार लाख रुपये लागले. घाईचे काम महाग पडते ते असे.

तटासाठी पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाला मध्ययुगीन इंग्लंडने वेगळे उत्तर शोधले होते. शहरात विक्रीला येणाऱ्या मालावर ठरावीक मुदतीपुरती जकात बसवून ती रक्कम तटावरच खर्च करण्याची सनद राजा शहराला देई. या जकातीला म्यूरेज म्हणत. श्रूझबरीला १२२० मध्ये मिळालेली सनद सर्वांत जुन्यांपैकी आहे. पैसा कधी दुसरीकडे वळे, हिशेबावरून तंटे होत. तरी तटासाठी पैसा कुठून यायचा हे ठरलेले असे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीवर शिंद्यांचा अंमल होता, पण बादशाहीचा खजिना रिकामाच होता. सप्टेंबर १८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईनंतर शहर इंग्रजांकडे गेले, ते पडझड झालेल्या कोटासकट. ऑक्टोबर १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांनी शहराला वेढा घातला. शहरातले इंग्रज अधिकारी ऑक्टरलोनी आणि बर्न यांनी घाईने डागडुजी केली. होळकरांच्या तोफांनी तटाला खिंडार पाडले, तेव्हा आतल्या बाजूला दुसरी आडभिंत उभी करून या दोघांनी शहर राखले. आठवडाभराने होळकर निघून गेले.

हा धडा कंपनीने गंभीरपणे घेतला. पुढच्या काळात तिच्या इंजिनिअरांनी बुरूज तोफा पेलतील असे नव्याने बांधले, खंदक सुधारला. १८५७ मध्ये त्याच कोटाआड बंडवाले शिपाई उभे ठाकले. स्वतःच मजबूत केलेला तट फोडायला कंपनीच्या फौजेला वेढ्याच्या जड तोफांची वाट पाहावी लागली. १४ सप्टेंबरला काश्मिरी दरवाजा उडवून ती आत शिरली.

बंडानंतर तट सरसकट पाडण्याचा विचार झाला, पण बेत तडीस गेला नाही. पुढे रेल्वेने आणि वाढत्या वस्तीने तो तुकड्यातुकड्यांनी गिळला. काश्मिरी, अजमेरी, तुर्कमान आणि दिल्ली हे दरवाजे उभे आहेत. त्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग, म्हणजे केंद्र सरकारच्या तिजोरीतून, करतो.