मार्गांत अडलेली शिकारी बंदूक व तिचा परवाना

जुन्या घराण्यांचीं दप्तरें उघडतांना संग्राहकाचें लक्ष सनदा, महजर व वतनपत्रें यांजकडे जातें. त्याच रुमालांत एखादे वेळीं बंदुकीचा परवाना घडी घालून ठेविलेला असतो. तो मात्र सरकारी छापील कागद म्हणून बाजूस टाकण्याची चाल आहे. ही चाल सोडावी असें प्रस्तुत लेखकास वाटतें. परवाना कशाची अनुज्ञा देतो व कशाची देत नाहीं, हें बंदूक घरांत खुंटीवर असेपर्यंत ध्यानांत येत नाहीं. मोटार वाटेंत बंद पडली म्हणजे मात्र त्याचा अक्षरन् अक्षर वाचावा लागतो.

मार्गावरील अनुज्ञापत्र ही आपल्याकडे नवी वस्तु नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्रांत मुद्राध्यक्ष नांवाचा अधिकारी आहे, आणि मुद्रेची अनुज्ञा नसतां शस्त्र घेऊन फिरूं नये असा निर्बंधही त्याच ग्रंथांत आहे. पेशवाईंतील दस्तक तर वाचकांच्या परिचयाचें आहे. परंतु दस्तकाची आज्ञा चौकीदारास असे, कीं अमक्यास मुजाहीम न होतां जाऊं द्यावें. इंग्रजी परवान्यांतील अटी उलट खुद्द धारकास बांधतात.

हा फरक १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें पक्का केला. त्यापूर्वीं तीन वर्षें, मे १८७५ मध्यें, सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला होता. तथापि कायदा सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं असल्यामुळें या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह आवरावा हें बरें. त्याच्या १३ व्या कलमानें शस्त्र बाळगून फिरणें हें परवान्यांत दिलेल्या मर्यादेंत व रीतीनेंच करावयाचें ठरलें. १२ वें कलम याहूनही कडक होतें. परवाना असो वा नसो, शस्त्र नेण्याची रीत किंवा परिस्थिति वाजवी संशयास जागा देणारी असेल, तर नेणारास वॉरंटावांचून कोणासही धरतां येत असे. १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आलेल्या १९५९ च्या कायद्यांतही २० व्या कलमांत हें तत्त्व राहिलें. मात्र ‘कोणासही’ याच्या जागीं मॅजिस्ट्रेट, पोलीस, अन्य सरकारी नोकर आणि आगगाडी, जहाज वा वाहन यांवर काम करणारा मनुष्य असे अधिकारी सांगितले. म्हणजे मोटार बिघडल्यावर बंदूक खांद्यास लावून जो एस. टी. च्या गाडींत चढेल, त्याला संशयावरून धरण्याचा अधिकार खुद्द त्या गाडीच्या कंडक्टरासच आहे!

आतां इंदापुराहून बारामतीस निघालेल्या, रीतसर परवाना असलेल्या एका शिकाऱ्याची केवळ कल्पना करूं. निमगांव केतकी, अंथुर्णें, सणसर हीं गांवें या वाटेवरचीं. निमगांवापुढें मोटार थांबली, तर माळावरून बंदूक हातीं घेऊन मदत शोधीत पायीं निघणें सोपें दिसतें. पण गांवकऱ्यांस तो कसा दिसेल? तुकोबारायांची पालखी आषाढी वारीस याच वाटेनें बारामतीहून इंदापुराकडे येते. १९६२ च्या नियमांखालील परवान्यांत विशेष अधिकार नसतां जत्रेंत, धार्मिक मिरवणुकींत किंवा जनसमुदायांत शस्त्र नेऊं नये अशी अट छापलेली असे. मोटार बिघडली म्हणून ती अट सुटत नाहीं.

दुसरा पेंच नीरेकांठचा. सराटीस वाहन अडलें तर जवळची मोठी पेठ अकलूज. परंतु नदी ओलांडली कीं पुणें जिल्हा संपून सोलापूर जिल्हा लागतो. परवान्यावर क्षेत्र लिहिण्याचा रकाना असतो. त्यांत पुणें जिल्ह्याचेंच नांव असल्यास, दुरुस्तीचा कारागीर पलतीरीं दिसत असूनही बंदुकीनें अलीकडेच थांबावें लागे.

बंदूक सोबत्याच्या हवालीं करून मालकानें कारागीर आणावयास जावें काय? १९५९ च्या कायद्यांतील तिसऱ्या कलमाचें परंतुक येथें फार महत्त्वाचें आहे. परवानाधारकाच्या समक्ष, अथवा त्याच्या लेखी अधिकारानें, दुसऱ्यास बंदूक नेतां येते. मात्र ती दुरुस्तीसाठीं, परवान्याच्या नूतनीकरणासाठीं किंवा धारकाच्याच उपयोगासाठीं असली पाहिजे. येथें दुरुस्ती म्हणजे बंदुकीची, मोटारीची नव्हे. सोबत्यास घरापर्यंत बंदूक पोंचवावयास सांगणें या तिहींपैकीं कशांत बसतें, याचा निर्णय भर रस्त्यांत करणें कठीण. म्हणून मालकानें बंदुकीजवळच राहावें व सोबत्यास धाडावें, हाच निर्वेध मार्ग.

शिकारीचा हेतु तर पुढें उरलाच नाहीं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीस कडक आळा बसला, व १९९१ च्या दुरुस्तीनें परवान्याची शिकारही बंद झाली. सुप्यास १९९७ पासून चिंकाऱ्यांसाठीं मयूरेश्वर अभयारण्य आहे. शिकारीच्या हेतूनें दिलेला जुना परवाना त्यामुळें आज कागद म्हणूनच वाचावयाचा.

तो नोंदवितांना संग्राहकांनीं दर्शनी पानावरील नांव व शिक्का उतरून थांबूं नये. क्षेत्राचा रकाना, हेतूचा रकाना, नूतनीकरणाच्या तारखा आणि मागील बाजूच्या अटी हें सर्व उतरून घ्यावें. आणि घडींत लेखी अधिकाराची एखादी चिठ्ठी आढळली तर ती परवान्यापासून वेगळी करूं नये.