बँड कोण मोडतं?

रॉक बँडच्या उदयास्तावरच्या कादंबऱ्यांचा साचा बहुधा ठरलेला असतो. चार-पाच तरुण एकत्र येतात, गाणी गाजतात आणि मग प्रेम, हेवा, नशा यांच्या घोळात सगळं विस्कटतं. टेलर जेंकिन्स रीड यांची ‘डेझी जोन्स अँड द सिक्स’ (2019) याच वाटेनं जाते. सलमान रश्दींची ‘द ग्राउंड बिनीथ हर फीट’ (1999) मुंबईपासून जगभर फिरते, पण तीही ऑर्मस आणि विना यांच्या प्रेमाभोवतीच. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मध्ये मात्र नाच्या झालेल्या गुणाची फरफट त्याच्या स्वभावापेक्षा भोवतालचा समाज अधिक करतो, आणि मला ही दिशा जास्त खरी वाटते. वाजवणाऱ्यांची भांडणं हे बँड मोडण्याचं मूळ कारण क्वचितच असतं. वाजवायला कोण बोलावतं, कुठे आणि कशाच्या बदल्यात, हे बदललं की बँड मोडतो. अष्टागरातल्या नागावच्या लग्नमांडवापासून पाहत गेलं, तर हे स्पष्ट दिसतं.

या किनारपट्टीवरच्या आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवले गाई, आणि कोकणातल्या सण-समारंभांत सनई, ढोल, ताशा यांचा खालूबाजा वाजे. ही वाद्यपरंपरा शतकं टिकली याचं कौतुक आपण करतो, पण ती कशाच्या जोरावर टिकली याकडे काणाडोळा करतो. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत वाजवणं ही कला नव्हती, ती गावकीनं विशिष्ट जातींवर लादलेली चाकरी होती. मोबदला म्हणून धान्य मिळे, वतनाचा तुकडा मिळे. नकार देण्याची मुभा मिळत नसे. नागाव ज्या कुलाबा जिल्ह्यात होतं (‘रायगड’ हे नाव 1981 मधलं), त्याच जिल्ह्यातल्या महाडला 1927 मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पुढे 1956 चं धर्मांतर आलं, 1958 मध्ये कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा आला, आणि महाराष्ट्रभर अनेकांनी गावकीचं वाजवणं खाली ठेवलं. वाद्याच्या बाजूनं हा ऱ्हास दिसतो, माणसाच्या बाजूनं ती सुटका होती. परंपरा बुडाली म्हणून हळहळणाऱ्यांनी हे आधी मान्य करायला हवं.

रिकाम्या झालेल्या जागेत जी वाद्यं आली त्यांत बँजो सर्वांत लोकप्रिय ठरला. हा अमेरिकी बँजो नव्हे. 1912 च्या सुमारास जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टंकयंत्राच्या कळांवरून सुचलेलं तारवाद्य बनवलं, तैशोगोतो. ते भारतात बुलबुलतरंग झालं, आणि पिकअप व स्पीकर जोडल्यावर मुंबईच्या चाळींतून कोकणापर्यंत ‘बँजो’ म्हणूनच ओळखलं गेलं. डाव्या हातानं कळ दाबायची, उजव्या हातानं तार छेडायची. चाल कानात असली की पुरे. सनईसारखी दमसास कमावण्यात वर्षं घालवावी लागत नाहीत आणि कोणत्या घरात जन्मलात हे कोणी विचारत नाही. बँजो पार्टीच्या उदयाचं रहस्य मला इथे दिसतं. वाजवणं पहिल्यांदाच स्वेच्छेचं झालं आणि हळदीच्या रात्रीची सुपारी हा खुला व्यवहार झाला.

पण खुल्या व्यवहारात गिऱ्हाईक उठूनही जातं. बँजो पार्टीत दहा-पंधरा माणसं, त्यांची मजुरी, जेवण आणि टेम्पो; डीजेला दोन माणसं पुरतात. लोकांची आवडच बदलली, असं यावर म्हटलं जाईल. ते अर्धंच खरं आहे. डीजे वाजवतो त्यांतली कितीतरी गाणी बँजोवर वाजत आली तीच कोळीगीतं आहेत. चाल टिकली, चाल वाजवणारे हात नकोसे झाले. दुसरा आक्षेप ध्वनिप्रदूषण नियमांचा. 2000 च्या या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केले. याचा फटका डीजेलाच जास्त बसायला हवा, हे तर्काला धरून आहे. मात्र वेळ कमी झाल्यावर यजमान पैसेही कमी देऊ पाहतो, आणि कमी पैसे दोघांत वाटता येतात, पंधरांत नाही.

त्यात 2020 आलं. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, म्हणजे ऐन लग्नसराईत. मग लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून पीक हाती यायला पाच-सात वर्षं लागतात. वाडीच्या उत्पन्नावर ज्याचं कार्य उभं राहायचं त्या यजमानाचा हात आखडला, तर वाजवणाऱ्यांत कितीही एकोपा असून काय उपयोग?

कोणी म्हणेल, हळदीचा बँजो आणि रॉक बँड यांची तुलना होत नाही. मुंबईच्या ‘रॉक मशीन’चं उदाहरण घ्या. 1984 मध्ये सुरू झालेल्या या बँडमध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर अशी मंडळी होती. 1993 मध्ये त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं आणि 1997 मध्ये बँड थांबला. दरम्यान कॅसेट कंपन्या आणि वाहिन्यांचा पैसा हिंदी पॉपकडे वळला होता. पुढे रुग्णालयांजवळचं धोबीतलावचं रंगभवनही शांतता क्षेत्रात गेलं आणि रॉकचं हक्काचं खुलं व्यासपीठ बंद झालं. म्हणजे नागावच्या मांडवात रात्री दहाची रेघ ओढणारे नियम मुंबईच्या रॉकलाही आडवे आले. राहिले बीटल्स, भांडणाचा सर्वांत लाडका पुरावा. ते 1970 मध्ये फुटले खरे, पण तिकीट लावलेली त्यांची शेवटची मैफल 29 ऑगस्ट 1966 ची. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत स्वतःचं वाजवणंही ऐकू येईना म्हणून त्यांनी दौरे सोडले. टोकाची भांडणं त्यानंतरची.

रीड यांची कादंबरी मुलाखतींच्या रूपात आहे. बँडमधला प्रत्येक जण आपापली बाजू सांगतो. अशी कादंबरी बँजो पार्टीवर मराठीत लिहायची, तर पहिली मुलाखत वाजवणाऱ्याची नको. सुपारी देणाऱ्या वाडीवाल्याची हवी, दुसरी टेम्पोवाल्याची आणि तिसरी, बँजो विकून डीजेचा संच घेणाऱ्याची.