‘चांगलं’ कोलेस्टेरॉल वाढवलं तर हृदयविकार टळतो का? सीईटीपी प्रथिनाची गोष्ट

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला की बहुतेकांची नजर दोन आकड्यांवर जाते. एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल आणि एचडीएल म्हणजे ‘चांगलं’. मग औषध देऊन ‘चांगलं’ वाढवलं तर? मोठ्या औषध कंपन्यांनी हा प्रयोग करून पाहिला. त्याच्या केंद्रस्थानी होतं सीईटीपी हे प्रथिन.

सीईटीपी काय करतं?

चरबी रक्तात विरघळत नाही. ती लिपोप्रोटीन नावाच्या सूक्ष्म कणांमधून वाहून नेली जाते. एलडीएल आणि एचडीएल हे असेच कण. सीईटीपी, म्हणजे कोलेस्टेरिल एस्टर ट्रान्सफर प्रोटीन, या कणांमधल्या मालाची अदलाबदल करतं. एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल ते एलडीएल आणि व्हीएलडीएल कणांकडे पोहोचवतं आणि त्या बदल्यात ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये आणतं. ४७६ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाची रचना २००७ मध्ये समोर आली. त्याचा आकार केळ्यासारखा वाकडा असून आतून चरबी जाण्यासाठी लांब बोगदा आहे.

ते प्रयोगशाळेत का बनवावं लागतं?

संशोधनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या उंदरांच्या शरीरात सीईटीपी नसतंच. माणसाच्या रक्तात ते असतं, पण अगदी थोडं, एका लिटरमध्ये काही मिलिग्रॅम. १९८७ मध्ये त्याचं जनुक वेगळं करण्यात यश आलं आणि वाट मोकळी झाली. हे मानवी जनुक दुसऱ्या पेशींमध्ये घालून त्यांच्याकडून प्रथिन बनवून घेतात. अशा प्रथिनाला ‘रिकॉम्बिनंट’ म्हणतात. सीईटीपीवर साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. साधे जिवाणू त्या तशा जोडू शकत नाहीत. म्हणून चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशींसारख्या सस्तन प्राण्यांच्या पेशी वापरल्या जातात.

चाचणी कशी होते?

एका प्रकारच्या कणांमध्ये चमकणारी चरबी दाटीवाटीने भरतात. दाटीमुळे तिची चमक दबलेली असते. सीईटीपीने ती दुसऱ्या कणांमध्ये हलवली की चमक वाढते. एखादं औषध टाकल्यावर चमक वाढली नाही, तर त्याने सीईटीपीला रोखलं असं समजतं.

औषधांचं काय झालं?

जपानमधल्या काही कुटुंबांमध्ये जनुकीय दोषामुळे सीईटीपी नसतं आणि त्यांचं एचडीएल खूप जास्त असतं, हे १९८९-९० च्या सुमारास स्पष्ट झालं. त्यातून सीईटीपी रोखण्याच्या कल्पनेला बळ मिळालं.

फायझरच्या टॉरसेट्रापिबची चाचणी सुमारे १५ हजार रुग्णांवर झाली. एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढलं, एलडीएल २५ टक्क्यांनी घटलं. तरीही औषध घेणाऱ्यांपैकी ९३ जण दगावले, न घेणाऱ्यांपैकी ५९. डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. या औषधाने रक्तदाब आणि अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढत असल्याचं आढळलं.

रोशचं डॅल्सेट्रापिब २०१२ मध्ये, तर एली लिलीचं इव्हॅसेट्रापिब २०१५ मध्ये थांबलं. इव्हॅसेट्रापिबने एचडीएल दुपटीहून जास्त झालं, पण हृदयविकार कमी झाले नाहीत. मर्कच्या अ‍ॅनासेट्रापिबने २०१७ मध्ये ३० हजारांहून अधिक रुग्णांमध्ये हृदयाचे गंभीर त्रास ९ टक्क्यांनी कमी केले. मात्र हा फायदा एचडीएल वाढल्याने नव्हे, तर ‘वाईट’ कोलेस्टेरॉल घटल्याने झाला असावा, असं संशोधकांचं मत आहे. कंपनीने ते बाजारात आणलं नाही.

यातून काय घ्यायचं?

कमी एचडीएल हा धोक्याचा इशारा असू शकतो. पण फक्त तो आकडा वर ढकलल्याने धोका टळतो, असं या चाचण्यांमध्ये दिसलं नाही. एलडीएल कमी केल्याचा फायदा मात्र अनेक चाचण्यांत सिद्ध झाला आहे. त्यामुळे ‘एचडीएल उत्तम आहे, आता गोळीची गरज नाही’ असा मेसेज आला, तर त्यावर विसंबून डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका.